बागेतील स्त्रीचे चित्र वाचताना या चुका टाळा

बागेतील देखण्या स्त्रीचे चित्र समोर ठेवले की जळगावकडील माझे बहुतेक विद्यार्थी रसग्रहणाची सुरुवात ‘ती कोणाची तरी वाट पाहत आहे’ या वाक्याने करतात. ही सवय आपल्या लघुचित्रांनी लावलेली आहे. तेथे एकटी नायिका, मोर आणि दाटून आलेले मेघ यांचा संकेत ठरलेला असल्यामुळे विरहाचा अर्थ लावणे योग्यच असते. परंतु फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या ‘बागेतील स्त्रिया’ या चित्राला तोच संकेत लावणे ही पहिली चूक होय.

या चित्रात चार स्त्रिया आहेत आणि त्यांच्यातील हितगुजावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले जातात. वास्तविक डावीकडील तिघींसाठी कामीय ही एकच तरुणी बसली होती. शंका असल्यास चेहरे बोटाने झाकून पाहावेत. चित्राचे फारसे काही बिघडत नाही.

सर्वांत मोठी चूक सावलीबाबत होते. शुभ्र झग्यावरील निळसर पट्टे पाहून ‘रंग मळका झाला’ असे लिहिणाऱ्याने एप्रिलच्या दुपारी कडुनिंबाखाली वाळत घातलेले पांढरे धोतर नीट पाहावे. आपल्या खानदेशी उन्हात सावली काळी नसते, कारण तिच्यावर आकाशाचा निळा उजेड पडत असतो. हाच उजेड पकडण्यासाठी मोने यांनी १८६६ मध्ये पॅरिसजवळच्या भाड्याच्या घराच्या बागेत चित्र रंगवायला घेतले आणि वरचा भाग हाताशी यावा म्हणून जमिनीत चर खणून कॅनव्हास त्यात उतरवण्याची सोय केली. (पुढचे काम मात्र आत, स्टुडिओत झाले.) म्हणून प्रथम ऊन कोठून येते आणि कोठे अडते हे लिहावे, भाव नंतर.

मोबाइलवर पाहून ‘नाजूक चित्र’ म्हणू नये. त्याची उंची २५५ सेंटिमीटर आहे, म्हणजे घराच्या दारातून ते उभे आत येणार नाही.

‘१८६७ च्या सालोंने (पॅरिसमधील अधिकृत चित्रप्रदर्शनाने) नाकारले, म्हणून ते थोर’ हा युक्तिवादही टिकत नाही. नकाराचे कारण अधिक उपयोगी आहे: उघडे दिसणारे कुंचल्याचे फटकारे परीक्षकांना खटकलेच, शिवाय चित्रात विषय नाही, कथा नाही, अशीही त्यांची तक्रार होती. वाट पाहणारी नायिका शोधणारा आपला विद्यार्थी नकळत त्याच परीक्षकांच्या रांगेत जाऊन बसतो.