उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून
मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि अशा उष्णतेत उभ्या गाडीची बॅटरी लवकर उतरते. त्यात घड्याळ, अलार्म थोडा करंट खातातच. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर १२ व्होल्टचा बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली राखणारा छोटा स्वयंचलित चार्जर) लावून जा. साधा चार्जर नको, तो बॅटरी भरल्यावरही करंट ढकलत राहतो आणि पाणी आटतं. मेंटेनर मात्र बॅटरी भरली की व्होल्टेज आपोआप साधारण १३.५ वर आणतो. आधी लाल क्लिप पॉझिटिव्हला, मग काळी इंजिनच्या उघड्या धातूला, स्विच शेवटी. जागा हवेशीर हवी. कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा. शेजाऱ्याला रोज पाच मिनिटं इंजिन सुरू करायला सांगणं मला पटत नाही, तेवढ्यात बॅटरी नीट भरत नाही.