चार मारुती पाटील आणि एक अपडेट: युनिक आयडी नसलेल्या टेबलात रेकॉर्ड कसं बदलायचं

बेळगावच्या आजूबाजूच्या कुठल्याही गावातल्या दूध डेअरीची नायतर सोसायटीची सभासद यादी उघडा, येळ्ळूर घ्या, कडोली घ्या, नायतर खाली खानापूरकडं या, एका नावाचे चार-चार सापडणारच. यादी एक्सेलमधनं उचलून तशीच डेटाबेसमध्ये ओतलेली असते, कॉलम तीनच, नाव, गाव, मोबाईल. सभासद नंबर म्हणाल तर तो रजिस्टरात असतोय, कॉम्प्युटरात नाही. मग कधीतरी सेक्रेटरी म्हणतात अमक्या मारुती पाटलाचा मोबाईल बदला, तुम्ही अपडेट लिहिता, व्हेअरमध्ये (कुठली रेकॉर्ड बदलायची ती अट) नाव आणि गाव घालून एंटर मारता, आणि चारही मारुतींना एकच मोबाईल.

मोबाईलवरनं ओळखायचं म्हटलं तर घरात चालू नंबर पोराचा एकच, आई-बाबा-काका सगळ्यांपुढं तोच लिहिलेला. वडिलांचं नाव जोडलं तरी सुटत नाही, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत, त्यामुळं चुलत भाऊ एकाच नावाचे, आणि टायपिंग करणाऱ्यानं वडिलांचं इनिशियल तेवढं घेतलं की लक्ष्मणचा पण एल आणि लुमाण्णाचा पण एल. आधार नंबर चावी म्हणून घालायचा मोह होतोय खरा पण नको, काहींचा दिलेलाच नसतोय, काहींचा चुकीचा टाईप झालेला असतोय, आणि एवढी खाजगी माहिती प्रत्येक टेबलात फिरवायची गरजच काय.

म्हणून व्हेअर लांबवत बसू नका, आधी रोला, म्हणजे टेबलातल्या प्रत्येक ओळीला, नंबर द्या. टेबलाचा बॅकअप घ्या (हे सांगायला लागू नये, पण लागतंय), आणि डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर अल्टर टेबल करून आयडी नावाचा कॉलम घाला, इंट (पूर्णांक), ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा), प्रायमरी की (प्रत्येक रोची वेगळी किल्ली). जुन्या सगळ्या रोंना आपोआप नंबर पडतात. पोस्टग्रेसमध्ये व्हर्जन १० पासून जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी लिहायचं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयडेंटिटी, ॲक्सेसमध्ये ऑटोनंबर. एवढं बघा की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये इन्सर्ट लिहिताना कॉलमची नावं न देता नुसत्या व्हॅल्यू दिल्या असतील तर नवीन कॉलममुळं ते अडू शकतंय. आणि पडलेला नंबर म्हणजे रजिस्टरातला सभासद नंबर नव्हे, त्याला वेगळा कॉलम ठेवा.

आता सिलेक्ट मारून चारही मारुती आयडीसकट समोर आणा, प्रिंट काढा, आणि सेक्रेटरींच्या पुढं ठेवून रजिस्टरशी लावून बघा कुठला कोण. हे काम क्वेरी करणार नाही ओ, ते माणसानंच करायचं. दोन रो अगदी अक्षर न अक्षर सारख्या असल्या तरी तो एकच माणूस दोनदा चढलाय की खरंच दोघं आहेत हे टेबलाला काय ठाऊक? डुप्लिकेट म्हणून बिनधास्त डिलीट मारणारे लई असतात, आणि मग एकाचं बिल थांबतंय.

ओळख पटली की बिगिन करून अपडेट चालवा, व्हेअरमध्ये फक्त आयडी. एकच रो मॅच झाली तर कमिट (बदल कायम), नायतर रोलबॅक (बदल मागं). मायएसक्यूएल मॅच्ड आणि चेंज्ड असे दोन आकडे दाखवतंय, जुनी आणि नवी व्हॅल्यू सारखीच असली तर चेंज्ड शून्य येतंय, घाबरू नका. टेबल मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या प्रकारातलं असेल तर मात्र रोलबॅक चालत नाही. वर्कबेंच (मायएसक्यूएलमध्ये क्वेरी लिहायचं सॉफ्टवेअर) किल्लीशिवायच्या अपडेटला ११७५ नंबरचा एरर देऊन अडवतंय तेव्हा सेफ मोड बंद करा असं सगळे सांगतात, मी सांगेन चालू राहू दे, ते किल्लीच मागतंय, आणि आता ती आहे की तुमच्याकडं.

अल्टर करायची परवानगीच नसेल तर तात्पुरती सोय आहे. ओरॅकल आणि एसक्यूलाईटमध्ये रोआयडी असतोय, पोस्टग्रेसमध्ये सीटीआयडी, दोन्ही म्हणजे डेटाबेसनं स्वतःच ठेवलेली रोची खूण. पण सीटीआयडी लिहून ठेवून उद्या वापरायचा नाही, रो अपडेट झाली की तो बदलतोय, त्यामुळं बघणं आणि बदलणं एकाच बैठकीत उरका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सीटीई (क्वेरीत विथनं नाव दिलेला तात्पुरता निकाल) लिहून रो नंबर फंक्शननं नंबर पाडता येतात. मायएसक्यूएलमध्ये अपडेटला लिमिट १ लावता येतंय, पण ते तेव्हाच जेव्हा दोन्ही रो तंतोतंत सारख्या आहेत आणि कुठलीही एक बदलली तरी चालणार आहे.

व्हेअर बरोबर दिसतोय तरी शून्य रो येत असतील तर दोन गोष्टी तपासा. एक, रिकामा मोबाईल नल (व्हॅल्यूच नाही) असेल तर बरोबरचं चिन्ह लावून तो कधीच सापडत नाही, इज नल लिहायला लागतंय. दोन, आपली लिपी. कुऱ्हाडे मधला ऱ्ह दोन तऱ्हेनं टाईप होतोय, एकात खालचा टिंबवाला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये न दिसणारं जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण आतले कोड वेगळे. संशय आला तर हेक्स फंक्शन (अक्षरांचे आतले कोड दाखवणारं) लावून दोन्ही नावं शेजारी ठेवा, लगेच कळतंय. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेस पण त्यातच दिसते, ती ट्रिमनं काढा.