लपवाछपवीची यादी, चिठ्ठीसकट

आधी चिठ्ठी. घर बंद करून जाताना मौल्यवान वस्तू लपवल्यात, तर काय कुठे ठेवलंय ते कागदावर लिहायचं, आणि जागा बदलली की उभ्या उभ्या कागदही बदलायचा. बाकीची यादी वाचायचा कंटाळा आला तर एवढं करा आणि सुटा.

मागच्या वेळी तीन महिन्यांसाठी घर बंद करून गेले तेव्हा मीही चिठ्ठी लिहिली होती. नीटनेटकी, तारखेसकट. मग निघायच्या आदल्या रात्री साडेअकराला एकदम वाटलं, माळ्यावरच्या पेटीत आजीची कर्णफुलं ठेवणं काही खरं नाही. पुडी काढली, दुसरीकडे चिकटवली, झोपले. चिठ्ठी तशीच. परत आले तर पेटी रिकामी! घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे होती, झाडांना पाणी घालायला. मी तोंडाने काही बोलले नाही, पण समोरच्याला कळतंच. त्यांनी किल्ली परत दिली ती उंबऱ्याबाहेरूनच. सात महिन्यांनी जुनं शिलाई मशीन कुणालातरी देऊन टाकायला काढलं, लाकडी झाकण उचललं, तर आत पुडी लोंबत होती. एका टोकाची चिकटपट्टी सुकून सुटलेली, दुसऱ्या टोकाने कशीबशी धरलेली, आणि रेशमी कापडावर गोंदाचा तपकिरी ओघळ. त्याच संध्याकाळी काकूंकडे जाऊन सांगितलं. ‘बरं झालं सापडली’ म्हणाल्या. किल्ली ठेवून घ्यायला मात्र आजही तयार नाहीत.

तर आता यादी. पहिलं काम निवडीचं. सगळंच लपवायला जाल तर काहीच धड लपणार नाही. जे वर्षभर लागत नाही आणि गेलं तर पुन्हा मिळणार नाही ते बँकेच्या लॉकरमध्ये. घरात फक्त तेच, जे मधूनमधून लागतं. त्या प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, दोन बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन, अनुक्रमांक, पावती. विमा असेल तर घरातल्या रोख रकमेला आणि दागिन्यांना मर्यादा किती आहे ते कागद उघडून वाचा. चोरी झाल्यावर वाचून उपयोग नाही.

दुसरं, जागा. घरात शिरलेला माणूस आधी झोपायच्या खोलीत जातो. कपाटातला लॉकर, गादीखाली, उशीच्या अभ्र्यात, कपड्यांच्या घडीत, मेजाचे खण. हे सगळं त्याला तुमच्याइतकंच पाठ आहे. फ्लशची टाकी, फ्रीजर आणि धान्याचा डबा या जागा एकेकाळी हुशारीच्या होत्या, आता इतक्या वेळा सांगून झाल्यात की त्या सोडूनच द्या. त्याच्याकडे वेळ कमी असतो, म्हणून जागा अशी हवी जिथे पोचायला कंटाळा येईल: खूप सामान हलवावं लागेल, हात काळे होतील, स्क्रू काढावे लागतील. त्याला रिकाम्या हाताने परत जायचं नसतं, तेव्हा एका खणात थोडे पैसे आणि खोटे दागिने सापडतील असे ठेवायला हरकत नाही.

जागा निवडताना माझा एक नियम आहे आणि तो मी मोडू देत नाही: जी वस्तू कधीतरी घराबाहेर जाणार आहे तिच्यात काहीही ठेवायचं नाही. पुस्तकं रद्दीत जातात, जुने कोट कुणालातरी दिले जातात, पडदे धुवायला जातात, आणि शिलाई मशीन, हो, तेही जातं. २००९ साली तेल अवीवमध्ये एका बाईने आईला चकित करायला तिची जुनी गादी टाकून नवी आणली. आईची आयुष्यभराची बचत त्या जुन्या गादीत होती. बातम्यांत आकडा दहा लाख डॉलरचा होता. लेकीने कचऱ्याचे डोंगर उपसले, गादी मिळाली नाही. आईने घरात एकाला जरी सांगितलं असतं! बघा, फिरून पुन्हा चिठ्ठीवरच आलो.

गरम होणाऱ्या जागा टाळा: ओव्हनच्या आसपास, हीटरच्या मागे, गरम पाण्याच्या नळाजवळ. चालू वीज असलेल्या बोर्डामागे तर चुकूनही नको, चोर राहू दे, तुम्हीच जाल. ज्या ठिकाणी दुरुस्तीला माणूस येतो, म्हणजे बेसिनखालचा पाइप, गीझरचा माळा, तिथेही नको.

छोटी तिजोरी घेतली असेल तर ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडा. मोकळी ठेवलीत तर चोराला सगळा ऐवज हँडलसकट मिळतो. कारखान्यातून आलेला कोड बदला. बॅटरी संपली तर लागणारी किल्ली तिजोरीतच ठेवणारे लोक आहेत. मी त्यांना हसू शकत नाही.

तिसरं, गुंडाळणं. इथे लोक फार घाई करतात. चांदीला रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने काळा पट्टा उमटतो. लोकरीच्या कापडातही नको. मोत्यांना हवाबंद प्लास्टिक चालत नाही, ते रुक्ष होतात आणि तेज जातं. मऊ सुती पिशवी पुरे. सोन्याला हवापाण्याचं काही वाटत नाही, आणि आगीतही ते १०६४ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे वाईटात वाईट राखेत गोळा तरी मिळेल. कागद मात्र साधारण २३० अंशालाच पेट घेतो. म्हणून कागदांना अग्निरोधक पेटी घ्या, पण एक लक्षात ठेवा: या पेट्यांच्या भिंतींतल्या भरावात पाणी धरलेलं असतं, आग लागली की त्याची वाफ होऊन आतलं थंड राहतं, आणि एरवी तोच ओलावा हळूहळू आत मुरतो. कागद आधी झिपच्या पिशवीत, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर काही महिन्यांनी पेटी उघडून हवा द्या. हे केलं नाही तर बुरशी. नोटा लाकडाच्या पोकळीत ठेवाल तर वाळवी. आणि चिकटपट्टीवर कशाचाही भार टाकू नका. ती सुकते, सुटते. आता सांगायला नको.

चौथं, अंगण आणि बाग. मला स्वतःला पुरणं आवडत नाही, पण करायचंच असेल तर नीट करा. काचेची बरणी नको, कापडी पिशवी तर मुळीच नको. जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, एका टोकाला टोपण सोल्यूशनने कायमचं चिकटवा, दुसऱ्या टोकाला रबरी वॉशरसह आट्यांचं टोपण, आत सिलिका जेल. जिथे पावसात पाणी साचतं तिथे हवा भरलेला पाइप हळूहळू वर येतो, ती जागा सोडा. साध्या मेटल डिटेक्टरला नाण्याएवढी वस्तू वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत कळते, त्याच्या बरंच खाली जा. खणण्याआधी ड्रेनेज आणि केबल कुठून गेलीय ते बघा. माती ताडपत्रीवर काढा, म्हणजे गवतावर डाग राहत नाही, आणि भरताना थर ठोकून बसवा, नाहीतर पहिल्या पावसात तिथे खळगा पडून जागा स्वतःच सांगेल. कुत्रा असेल तर विचारच सोडा.

आणि माप! ‘आंब्याच्या झाडाजवळ’ हे माप नाही. झाड पडतं, कुंडी सरकते, कुंपण बदलतं. घराचे दोन पक्के कोपरे धरा, दोन्हींपासूनचं अंतर टेपने मोजा, आणि ते चिठ्ठीत लिहा. सॅम्युअल पीप्स नावाच्या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याने १६६७ च्या जूनमध्ये, डच आरमार नदीत घुसलं तेव्हा, घाबरून आपलं सोनं बायको आणि वडिलांकरवी गावी पुरायला पाठवलं. त्यांनी ते रविवारी, लोक चर्चला गेलेले असताना, भर दिवसा बागेच्या मधोमध पुरलं. तेही अर्धा फूटसुद्धा खोल नाही, शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसेल असं. ऑक्टोबरात हा रात्री कंदील घेऊन खणायला गेला, तर वडिलांना नेमकी जागा आठवेना. सापडली तेव्हा पिशव्या कुजलेल्या, नाणी गवता-मातीत विखुरलेली. बादल्यांत माती धुऊन धुऊन नाणी वेचली, तरी वीस-तीस कमी पडली. आणि पुरणारी माणसं दोन होती बरं का, चार महिनेच झाले होते. डोक्यात ठेवू म्हणणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं.

तर पाचवं, चिठ्ठी. वर तारीख. प्रत्येक वस्तूपुढे खोली, जागा, माप. प्रत एकच आणि घराबाहेर: विश्वासातल्या एका माणसाकडे, बंद पाकिटात. फोनमध्ये नको, त्यातले फोटो कुठे कुठे पोचतात ते आपल्याला कळतही नाही. त्या माणसाला पाकीट आहे एवढं माहीत असलं पाहिजे, कारण तुम्हीच परत आला नाहीत तर? १९९२ साली इंग्लंडमध्ये हॉक्सन गावात हरवलेला हातोडा शोधताना जवळपास १५,००० रोमन नाणी मिळाली. कुणीतरी नीट पेटीत रचून ठेवलेली, पाचव्या शतकात. परत न्यायला कुणी आलंच नाही. आणि जागा बदललीत तर चिठ्ठी बदला. रात्री साडेअकराला बदललीत तर साडेअकराला बदला. पाकीट दुसऱ्याकडे पोचलंय, आता उशीर झाला, असं वाटत असेल तर जागा बदलूच नका. माझी पेटी तशी काही वाईट नव्हती.

सहावं, शेवटचा दिवस. खिडक्या, गॅस, नळ, हे तुम्हाला माहीत आहे. शिडी बाहेर सोडू नका. जातोय हे चारचौघांत सांगू नका. स्क्रूड्रायव्हर मेजावर विसरू नका, त्यावरूनही अंदाज येतो.

परत आल्यावर पाकीट मागून आणा, बॅगा सोडायच्या आधी एकेक जागा बघून खूण करा. एखादी वस्तू मिळाली नाही तर कुणाच्याही तोंडाकडे बघण्याआधी शिलाई मशीनचं झाकण उघडा.