उतरताना विमान एकदम कललं तर काय करायचं

नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली, बंगळूर, हैदराबाद करणारे लोक आता आपल्याकडे बरेच झालेत, आणि त्यांच्यातला एकजण तरी विचारतोच की सगळं मस्त शांत चाललेलं, चाकंपण बाहेर आली होती, आणि विमानानं एकदम एका बाजूला झोक खाल्ला, हे काय होतं? बऱ्याचदा ते वेक टर्ब्युलन्स असतं, म्हणजे पुढं गेलेल्या विमानाच्या पंखांनी मागं सोडलेले हवेचे भोवरे. गंगापूर धरणावर मोटरबोट गेली की मागची छोटी बोट कशी डुचमळते, तसंच, फक्त इथं लाट दिसत नाही.

आधी ओळखायला शिका. एप्रिल-मेमध्ये दुपारी ओझरला उतरताना जे धाडधाड वर-खाली होतं ते हे नाही, ती तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा, आणि ती बराच वेळ छळते. वेकमध्ये एक पंख अचानक खाली जातो, कधी एखादा दणका बसतो, आणि काही सेकंदांत विमान परत सरळ. गंमत म्हणजे वारा असला की भोवरे लवकर मोडतात आणि हवा शांत असली की दोन-तीन मिनिटंसुद्धा टिकतात, त्यामुळं थंडीतली छान शांत सकाळ बघून पट्टा सैल करू नका.

विमान जितकं जड आणि हळू तितका भोवरा जोरदार, आणि उतरताना सगळीच विमानं हळू असतात. भोवरे साधारण मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली बसत जातात, म्हणून मागचा पायलट पुढच्याच्या वाटेच्या खाली जायचं टाळतो. शिवाय एटीसी, म्हणजे विमानांना जमिनीवरून वाट दाखवणारं नियंत्रण, दोन विमानांत अंतर ठेवतं. १३६ टन किंवा त्याहून जड विमान हेवी, आपली नेहमीची एअरबस ए३२० मीडियम, आणि हेवीच्या मागं मीडियमला ५ नॉटिकल मैल ठेवतात, म्हणजे ९ किलोमीटरच्या वर, उतरायच्या वेगात दोनेक मिनिटं. पुढं दुमजली अवाढव्य ए३८० असेल तर ७ नॉटिकल मैल. ओझरला एवढी गर्दीच नसते म्हणून हा अनुभव जास्त करून मुंबई-दिल्लीला येतो. तिथं विमान घिरट्या घालायला लागलं की लोक कंपनीला शिव्या घालतात, पण त्या उशिरात थोडा वाटा या अंतराचापण असतो हो.

आता तुमचं काम. खाली यायला सुरुवात झाली की टॉयलेटचं काम लगेच उरकून घ्या, नंतर उठायचं नाही. पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर आणि घट्ट. लॅपटॉप, बाटली, चिवड्याचा डबा, सगळं आत. मांडीवर बाळ असेल तर क्रूकडून त्याचा वेगळा छोटा पट्टा मागून घ्या, आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळायचं नाही, हे आपल्याकडे सर्रास करतात आणि ते धोक्याचं आहे. झोक बसला की डोकं सीटला टेकवा आणि पडलेला मोबाईल पकडायला वाकू नका. लगेच इंजिनं गर्जली आणि विमान परत वर निघालं तर घाबरू नका, त्याला गो-अराउंड म्हणतात, पायलटला अप्रोच, म्हणजे उतरायची शेवटची वाट, पटली नाही म्हणून तो फिरून परत येतोय, एवढंच.

उलटणार का, हा प्रश्न येतोच. २०१७ मध्ये अरबी समुद्रावर ए३८०च्या खालून गेलेलं एक छोटं बिझनेस जेट खरंच गरगरलं होतं, मस्कतला कसंबसं उतरलं पण परत वापरण्यालायक राहिलं नाही. ते छोटं होतं आणि उंचावर होतं, ए३२० त्याच्यापेक्षा खूप जड. २००१ मध्ये न्यूयॉर्कला टेकऑफनंतर एक ए३०० पडलं, २६५ माणसं गेली, तिथंपण पुढच्या जम्बोचा वेक लागला होता, पण तपासात निघालं की शेपटी तुटली ती को-पायलटनं रडरचे (शेपटीवरच्या, विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पाट्याचे) पेडल नको तितके जोरात इकडून तिकडे दाबल्यामुळं. त्यानंतर पायलटांच्या ट्रेनिंगमध्ये यावर भर आला.

पंखाजवळची सीट वर-खाली हादऱ्यांना बरी, कलण्यात फार फरक पडत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे घालवू नका. आणि मान किंवा डोक्याला लागलं असेल तर उतरायच्या आधीच क्रूला सांगा, विमानतळावरच्या बॅगांच्या बेल्टवरून बॅगा घेऊन टॅक्सीत बसल्यावर नाही.