नव्या खोलीचा गिलावा वाळेपर्यंत पुट्टीची घाई करू नये

गच्चीवर किंवा अंगणात नवी खोली बांधताना गिलाव्यावर किमान 7 दिवस पाणी मारावे आणि नंतर साधारण 4 आठवडे, पावसाळ्यात त्याहूनही अधिक, भिंत मोकळी सोडावी. सणापूर्वी रंग उरकण्याच्या नादात नेमका हाच काळ कापला जातो आणि पुढे पुट्टीचे (रंगाआधी भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपाचे) पोपडे सुटतात. ओल तपासण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून रात्रभर भिंतीवर बसवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दवासारखे बारीक थेंब दिसले, तर भिंत अजून ओली आहे. पांढरे क्षार फुटले असल्यास ते कोरड्या ब्रशने झाडावेत, पाण्याने धुऊ नयेत, कारण ते विरघळून पुन्हा आत मुरतात.

वीटकाम आणि काँक्रीटचा कॉलम यांच्या सांध्यावर उभी भेग पडते, ती बहुधा तिथे गिलाव्याआधी चिकन मेश (तारेची जाळी) न ठोकल्यामुळे. अशा भेगेवर नुसती पुट्टी फिरवणे मला मुळीच पटत नाही. ती खरवडून थोडी रुंद करावी, धूळ काढून क्रॅक फिलर भरावा आणि वरून फायबरची जाळीपट्टी चिकटवून मगच पुट्टीचा हात द्यावा.