अपंग सेवांतील जागल्यांना कायद्याचे संरक्षण : मसुदा कसा करावा

निवासी केंद्रात रात्रपाळी करणाऱ्या काळजीवाहक बाईला पहाटे एका मुलाच्या मनगटावर बांधल्याचे वळ दिसतात आणि ती पाळीच्या वहीत तशी नोंद करते. पुढच्या आठवड्यापासून तिच्या पाळ्या कमी होतात. महिनाअखेरीस ‘सध्या गरज नाही’ असे सांगून तिचे कंत्राट थांबवले जाते. जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणाऱ्या नव्या कायद्याचा मसुदा करताना किंवा जुन्यात दुरुस्ती सुचवताना प्रत्येक कलम या बाईला डोळ्यांसमोर ठेवून वाचावे.

आरंभ व्याख्येपासून करावा. ‘कर्मचारी’ एवढाच शब्द वापरला, तर कंत्राटी कामगार, स्वयंसेवक आणि प्रशिक्षणार्थी संरक्षणाबाहेर राहतात. सेवा घेणारी अपंग व्यक्ती आणि तिचे कुटुंबीय यांचाही स्पष्ट उल्लेख हवा, कारण त्यांच्यावरचा सूड नोकरीवर नव्हे, तर भेटीच्या वेळांवर, मदतीच्या तासांवर किंवा केंद्रातील जागेवरच उगवला जातो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेच्या कायद्याने या दोघांनाही संरक्षणात घेतले आहे.

सर्वाधिक मेहनत पुराव्याच्या भारावर घ्यावी. कंत्राट सूडापोटी थांबवले, हे त्या बाईने सिद्ध करायचे म्हटले, तर हजेरीपट, पाळ्यांचे तक्ते आणि पत्रव्यवहार हे सारे मालकाच्याच कपाटात असते. म्हणून तिने तक्रार केली आणि त्यानंतर तिचे नुकसान झाले, एवढे दाखवल्यावर कारवाईचे कारण वेगळे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जावी. युरोपीय संघाच्या जागल्यांविषयीच्या २०१९ च्या निर्देशात हीच रचना आहे. तक्रार ‘सद्भावनेने’ केलेली असली पाहिजे, हा निकषही मसुद्यातून काढलेला बरा. त्याने चौकशी वळांवरून हटून बाईच्या हेतूकडे वळते. माहिती खरी मानण्यास वाजवी कारण होते का, एवढीच कसोटी पुरेशी आहे.

तक्रार घेणाऱ्यालाही बांधून ठेवावे लागते. ब्रिटनमध्ये जागल्यांसाठीचा कायदा १९९८ पासून आहे. तरीही ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातील छळाबद्दल एका ज्येष्ठ परिचारकाने व्यवस्थापनाला आणि नियामकाला कळवूनही काही हालले नाही, आणि तो छळ जगासमोर आला तो २०११ मध्ये, दूरचित्रवाणीच्या छुप्या कॅमेऱ्यातून. युरोपीय निर्देशाप्रमाणे सात दिवसांत पोच आणि साधारणपणे तीन महिन्यांत उत्तर, अशी मुदत कलमातच लिहावी. मुदत टळल्यास तक्रारदाराला थेट माध्यमांकडे जाण्याची मुभा राहील, हेही तिथेच नमूद करावे.

गोपनीयतेच्या कलमावर फार विसंबू नये. रात्री एकच बाई कामावर असेल, तर नाव झाकून काय उपयोग? त्यापेक्षा तक्रारदाराचा माग काढणे हाच दंडनीय गुन्हा ठरवावा आणि नोकरीच्या करारातील तोंड बंद ठेवण्याच्या अटी निरर्थक ठरवाव्यात. तक्रारीचा मार्ग ब्रेल, सांकेतिक भाषा आणि सोप्या भाषेतही खुला असावा, हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिला अंतरिम दिलासा. निकाल लागेपर्यंत वर्षे जातात आणि कंत्राटाची मुदत केव्हाच संपून जाते; म्हणून अर्ज केल्यापासून थोड्या दिवसांत पाळ्या पूर्ववत करण्याचा किंवा वेतन चालू ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला असावा, आणि त्या दिवसांचा आकडा कलमात लिहिलेला असावा.