व्हॉल्व्ह माइकची घरघर

जुना व्हॉल्व्हचा (आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळीचा) माइक सुरू केला की आवाजाच्या आधी घरघर ऐकू यायची. माझा संशय अर्थातच व्हॉल्व्हवर. बदलून पाहिला, घरघर जागची हलेना. मग पॉवर सप्लायचा डबा उघडला.

माइक न जोडता मोजलं तर हीटरला, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला, 7.9 व्होल्ट. मी खूश! पण लोडशिवाय घेतलेल्या रीडिंगला काही अर्थ नसतो, हे जोडल्यावर कळलं: 6.3 हवे तिथे 5.1. व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारे हाय व्होल्टेजचे 120 मात्र शाबूत. मीटर एसीवर टाकला, तर हीटरच्या लाइनवर चांगला पाऊण व्होल्ट रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर. घरघर तिचीच.

गुन्हेगार सापडला. हीटरच्या लाइनवरची ही लहर सपाट करणारा फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: माथा किंचित फुगलेला, बुडाशी तपकिरी चिकट डाग. वाळून गेला होता बिचारा.

हात घालण्याआधी हाय व्होल्टेजचा कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज केला. प्लग काढूनही त्यात 90 व्होल्ट दबा धरून होते! नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण 16ऐवजी 25 व्होल्टचा घेतला. पोलॅरिटी (प्लस-मायनस) दोनदा तपासली, सोल्डर केलं.

जोडून मोजलं: 6.2. हेडफोन लावला, तर घरघर गायब. ऐकू आली ती भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.